वाड्याचा मागचा चौक

हेडफोन लावून बसमध्ये असाल तर छान, भांडी घासता घासता ऐकत असाल तर त्याहून छान. आजच्या भागाचा आणि भांड्यांचा संबंध आहे, तो पुढे कळेलच. नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं इथे लिहून काढलंय. थोडं नीट केलंय, पण फार नाही.

सुरुवात आमच्या घरच्या गोष्टीपासून करते. माझं लहानपण पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्यात गेलं. लगेच डोळ्यांसमोर झुंबरं आणू नका. वाडा मालकांचा, आम्ही बिऱ्हाडकरू. तेही मागच्या चौकात, दोन खणांच्या खोलीत. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये लागले, आईबाबा आणि मी बाणेरला राहायला गेलो, पण आजीनं ती खोली सोडली नाही. मागच्या वर्षी वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा ती आमच्याकडे आली, तीही रुसूनच.

नव्या इमारतीच्या लॉबीत जुन्या वाड्याची आठवण म्हणून एक पाटी लावायची असं मीटिंगमध्ये ठरलं. दिंडी दरवाजाचा फोटो आणि खाली चाळीसेक शब्द. मालकांचे धाकटे बंधू, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते मला म्हणाले, "तू ते पॉडकास्ट वगैरे करतेस ना? मग तूच लिही. वैभवशाली परंपरा, पेशवेकालीन वास्तुकला, असं काहीतरी."

मी लगेच हो म्हटलं. चाळीस शब्द! मला वाटलं, रात्री जेवण झालं की वीस मिनिटांत संपवीन. त्याला चार महिने लागले.

आधी विश्रामबाग

वाड्याबद्दल लिहायचं तर वाडा वाचता यायला हवा, म्हणून एका रविवारी विश्रामबागवाड्यात गेले. बाजीराव रस्त्यावरून आपण शंभरदा जातो, नजर मात्र सिग्नलवर असते. यावेळी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि वर पाहिलं.

दुसऱ्या बाजीरावानं, म्हणजे शेवटच्या पेशव्यानं, हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. शनिवारवाडा हाताशी असूनही त्याला राहायला हा आवडायचा. दर्शनी बाजूचे लाकडी खांब नीट बघा. खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले, सुरूच्या झाडासारखे. म्हणून त्यांना सुरूचे खांब म्हणतात. ही आवड मोगली बांधणीतून आपल्याकडे आली. खांबांच्या माथ्याशी केळफुलाची नक्षी आहे, वर कोरीव सज्जा आहे. सगळं सागवान.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. आजचं डेक्कन कॉलेज तिच्यातूनच वाढलेलं. १८७९ मध्ये वाड्याला आग लागली, बराच भाग जळाला. लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेनं भर घातली आणि तो पुन्हा उभा राहिला. पुढे बरीच वर्षं नगरपालिकेचा कारभारही इथूनच चालायचा.

शनिवारवाड्याच्या नशिबी हे नव्हतं. त्याचा पाया घातला गेला १७३० मध्ये. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. तट, दरवाजे आणि जोती उरली, कारण ती दगड-विटांची होती. आज आपण तिथे तिकीट काढून जे बघतो ते म्हणजे घर वजा लाकूड.

वाडा कसा वाचायचा

वाड्याची बांधणी थोडक्यात सांगते, पुढे लागेल. खाली काळ्या दगडाचं जोतं. त्यावर लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि त्यांच्यावर आडव्या तुळया. मधल्या जाड भिंती विटामातीच्या. गंमत म्हणजे भार पेलतो तो बराचसा लाकडी सांगाडा. भिंत खचली तरी घर बराच काळ उभं राहतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. स्क्वेअर फुटांच्या आधी आपल्याकडे घर खणात मोजायचे. "दोन खणांची खोली आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. छत कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागायची ती त्या मातीमुळे. जिना भिंतीच्या जाडीतच लपवलेला, इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे जायचं. आमच्याकडे नेहमी लहान मूल मागे जायचं!

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो चौक. वाडा बाहेरून बंद आणि आतून उघडा असतो. रस्त्याच्या बाजूला मोठा दरवाजा, त्यातच वाकून जायची छोटी दिंडी, आत गेलं की देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची जागा. मग पहिला चौक. तिथे सदर, आल्यागेल्याचं बोलणं, हिशेब, कारकून. दुसऱ्या चौकाभोवती घरचे लोक, माजघर, देवघर, वर माडी. मोठ्या वाड्याला तिसरा चौकही असायचा. तिथे कोठी, विहीर नाहीतर हौद, न्हाणी, जातं, उखळ, जळण, गोठा. आणि मागच्या बोळात उघडणारं एक दार.

आम्ही या तिसऱ्या चौकातले. आमची खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. दाव्याची लोखंडी कडी भिंतीत तशीच होती, बाबा तिला सायकल बांधायचे.

मी इंजिनिअर, त्यामुळे हे सगळं मला सिस्टिम डिझाइनसारखं दिसायला लागलं. कोण कुठपर्यंत आत येऊ शकतं, हे दगडात आणि लाकडात ठरवून टाकलेलं. अनोळखी माणूस देवडीपर्यंत, कामाचा माणूस सदरेपर्यंत, नात्याचा माणूस माजघरापर्यंत. मला भारी वाटलं. पाटीचा पहिला मसुदा तयार झाला. त्यात केळफूल, कडीपाट, तीन चौक, सगळं होतं.

तो मी आजीला वाचून दाखवला.

आजीचा शब्द

आजी शेंगा सोलत होती. ऐकून म्हणाली, "छान लिहिलंयस. पण यात माणूस कुठंय गं?"

मी म्हटलं, "पाटी वाड्याची आहे आजी."

ती हसली. लग्न होऊन ती त्या खोलीत आली १९६२ मध्ये. पानशेतचं धरण फुटून वर्ष होत आलेलं. पहाटे चारला उठून पाणी भरायचं, दळायचं, चौक सारवायचा, असं तिनं सांगायला सुरुवात केली. मी हे आधीही ऐकलंय. पण या वेळी शेवटचं वाक्य कानात अडकलं. "सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण मला बटकीसारखं राबवलं."

बटकीसारखं. हा शब्द तुम्हीही ऐकला असेल, "मी काय तुमची बटीक आहे?" असा. मला तो नुसता भांडणातला शब्द वाटायचा. त्या रात्री फोनवर मोल्सवर्थचा शब्दकोश उघडला. १८५७ च्या आवृत्तीचा हा मराठी-इंग्रजी कोश आता ऑनलाइन शोधता येतो. बटीक या शब्दाचा अर्थ तिथे सरळ दिलाय, गुलाम बाई. जवळच कुणबीण. तिचा एक अर्थ कुणब्याची बायको आणि दुसरा तोच, गुलाम बाई.

गुलाम. पुण्यात. मी शाळेत दहा वर्षं इतिहास शिकले, पण हा धडा मला आठवत नाही.

मग वाचत गेले. इतिहासकारांनी पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवरून यावर बरंच लिहिलंय. पेशव्यांच्या रोजनिशीतले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून आले. अशा कागदांत कुणबिणींच्या नोंदी आहेत. विकत घेतली, बक्षीस दिली, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवली, म्हातारी झाली म्हणून सोडली. कोणी दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली, कोणी स्वाऱ्यांमध्ये पकडून आणलेल्या. आणि काही बायका अशा, ज्यांच्यावर 'बदकर्मा'चा, म्हणजे परपुरुषाशी संबंध असल्याचा ठपका आला आणि सरकारनं शिक्षा म्हणून त्यांना गुलाम केलं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. पाणी प्यायले. मग पुढे वाचलं.

त्यांना पगार नव्हता. शिधा मिळायचा आणि अंगावरचं लुगडं. कामाला त्या कोठीत, पागेत, बांधकामांवर आणि मोठ्या घरांत. सरकारकडे कुणबिणींचं स्वतंत्र खातं होतं, कुणबिणींचा खाना. पुरुष गुलामही होते, त्यांना 'पोरगा' म्हणायचे. चाळिशीचा माणूस असला तरी पोरगाच.

१८४३ च्या पाचव्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या कंपनीच्या मुलखात माणसावरची मालकी कोर्टानं मानायचं बंद केलं. पुढे भारतीय दंडविधानात, म्हणजे १८६० च्या कायद्यात, माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला. व्यवहार कागदावर संपला. शब्द मात्र जातं फिरवता फिरवता आजीच्या तोंडापर्यंत आला.

आता वाड्याचा नकाशा पुन्हा बघा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळानं शहरात पाणी आणलं, जागोजागी हौद बांधले. अप्रतिम काम आहे, त्यात वादच नाही. पण हौदापासून न्हाणीपर्यंतचं पाणी नळानं आलं नाही. ते कुणाच्यातरी कमरेवरून आलं. शंभर पानांच्या पंक्तीचं दळण रात्री कुणीतरी दळलं. मागच्या बोळातलं ते ठेंगणं दार कुणासाठी होतं? शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांतल्या जांभूळ दरवाजाबद्दल आजही सांगतात, की इथून दासींची ये-जा असे. आपण ते वाक्य ऐकतो आणि दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांसमोर सेल्फी काढायला जातो. मीही काढलाय.

इथून लुइझियाना

याच सुमारास ऑफिसमध्ये एक गोष्ट झाली. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेत लुइझियानाला असतो. कॉल सुरू व्हायच्या आधी इकडचं तिकडचं चालू होतं, मी वाड्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे पण अशी मोठी घरं आहेत आणि त्यावरून खूप भांडणं आहेत. त्यानं मला नॉटोवेबद्दल वाचायला सांगितलं.

नॉटोवे हे मिसिसिपी नदीकाठचं उसाच्या मळेवाल्याचं घर. १८५९ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे तिथल्या यादवी युद्धाच्या दोन वर्षं आधी. पांढरे उंच खांब, ६४ खोल्या, सुमारे ५३ हजार चौरस फूट. त्या मालकाकडे तेव्हा दीडशेहून जास्त गुलाम होते, आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची पोरंबाळं. पुढे त्या घराचं हॉटेल झालं, लोक तिथे थाटात लग्नं करायचे. १५ मे २०२५ ला आग लागून ते घर खाक झालं. काही लोक हळहळले, केवढी सुंदर वास्तू गेली म्हणून. काही लोकांनी चक्क आनंद साजरा केला.

मला दोन्ही बाजू कळत होत्या, हीच पंचाईत. कारण मला विश्रामबागचे खांब आवडतात. ते जळाले तर मी रडेन.

त्याच नदीकाठी व्हिटनी नावाचा आणखी एक जुना मळा आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तो लोकांसाठी खुला झाला. तिथे मालकाचं मोठं घर पाडलेलं नाही, उलट जपलंय. पण सांगायची सुरुवात तिथून करत नाहीत. आधी गुलामांची गोष्ट, त्यांची नावं कोरलेल्या भिंती, त्यांच्या झोपड्या. मोठं घर त्या गोष्टीतला एक भाग म्हणून दाखवतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर कमेंटमध्ये मारामारी होईल. अमेरिकेतली गुलामी आणि आपल्याकडची एकसारखी नाही. तिकडे वंशावरून, कातडीच्या रंगावरून माणूस गुलाम ठरायचा आणि ऊस-कापसाचा सगळा धंदा त्याच्या पाठीवर उभा होता. आपल्याकडे शेती मुख्यतः गुलामांवर चालत नव्हती. इथे घरकाम होतं, सरकारी कारखाने होते, आणि वर जातीची उतरंड होती. घराची रचनाही वेगळी. तिकडे झोपड्या मोठ्या घरापासून लांब, ओळीनं. इकडे राबणारी बाई एकाच छपराखाली, दोन चौक मागे. म्हणून तिकडे झोपड्या तरी दिसतात. आपल्याकडे मागचा चौक पाडला की काहीच दिसत नाही.

पुण्यातच जोडलेली तार

आणि मला वाटलं होतं की पुणे आणि अमेरिकेतली गुलामी ही जोडी मीच पहिल्यांदा लावली. कसलं काय! दीडशे वर्षांपूर्वी ती लावून ठेवणारा माणूस आमच्या पेठेपासून चालत वीस मिनिटांवर राहायचा.

महात्मा फुले यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक आलं १८७३ मध्ये. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली १८६५ मध्ये. फुल्यांनी आपलं पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या, गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. गंज पेठेत राहणाऱ्या माणसानं! त्यांचं म्हणणं होतं की तिकडच्या लोकांनी जे केलं त्यापासून आपल्या देशबांधवांनीही धडा घ्यावा आणि शूद्र-अतिशूद्रांना दास्यातून मोकळं करावं. मी गंज पेठेतला फुलेवाडा पुन्हा जाऊन पाहिला. साधं घर, अंगणात विहीर. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. पाणी कोण भरणार, कुठून भरणार, हा प्रश्न मला परत समोर आला.

आणि भिडेवाडा? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू केली ती बुधवार पेठेतल्या या वाड्यात. तोही वाडाच. तेच खांब, त्याच तुळया. म्हणजे दोष लाकडाचा नव्हता. दार कुणासाठी उघडायचं हे माणसं ठरवतात. खूप वर्षं मोडकळीला आलेला तो वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला.

पाटीचं काय झालं

मी दुसरा मसुदा लिहिला. काका म्हणाले, "हे काय, कुणबिणी बिणबिणी? आपल्या वाड्यात असलं काही नव्हतं."

माझ्याकडे पुरावा नव्हता. आमच्या वाड्याचे एवढे जुने कागदच सापडले नाहीत. म्हणून तो शब्द मी काढला. सिद्ध न झालेली गोष्ट दगडात कोरायची नाही, एवढं तर कोड लिहितानाही पाळतो. पण मी म्हटलं, काका, जातं होतं ना? उखळ होतं ना? आमच्या भिंतीत दाव्याची कडी होती. मग ते चालवणारी माणसंही होती. त्यांच्यासाठी एक ओळ.

काका गप्प झाले. मग बिल्डरच्या माणसानं नवीन इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि आजी, जी फक्त चहासाठी आली होती, तिनं चष्मा लावला.

"ही दुसरी लिफ्ट कशाला?"

"सर्व्हिस लिफ्ट, आजी. कामवाल्या, डिलिव्हरीवाले."

"आणि त्यांना संडास?"

कोणीच काही बोललं नाही. अकरा मजले, चव्वेचाळीस फ्लॅट, रोज धुणंभांड्याला येणाऱ्या वीस-पंचवीस बायका, दोन वॉचमन. नकाशात त्यांच्यासाठी एक लिफ्ट होती, एक मागचं गेट होतं, बाकी काही नाही. मी तो नकाशा महिनाभर लॅपटॉपवर बघत होते. तीन चौक, देवडी, कोण कुठपर्यंत येतं, असं सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं मला दिसत होतं. आणि हे दिसलं नव्हतं.

कोणीतरी म्हणालं, पार्किंगची जागा जाईल. आजी म्हणाली, "एक गाडी कमी लावा. मी त्या चौकात तीस वर्षं रांग लावलीय, मला विचारा."

वाद झाला, दोन मीटिंगा चालला. शेवटी पार्किंगच्या मजल्यावर दोन स्वच्छतागृहं आणि डबा खायला बसायची एक छोटी खोली नकाशात आली. प्रत्यक्षात येईल तेव्हा खरं, मी लक्ष ठेवून आहे.

पाटीही झाली. शब्द बेचाळीस झाले, दोन जास्त. काकांनी चालवून घेतले. पहिल्या दोन ओळींत दरवाजा, चौक, कडीपाट. आणि शेवटची ओळ अशी: "या वाड्याच्या मागच्या चौकात ज्यांनी दळलं, कांडलं, पाणी भरलं आणि ज्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत, त्यांचंही हे घर होतं." जातं पडक्या वाड्यातून उचलून आणलंय, ते पाटीखाली ठेवणार आहेत. आजीची अट एकच, त्यात कुंडी ठेवायची नाही.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. विश्रामबागेत जा, सुरूचे खांब बघा, मनापासून बघा, ते सुंदरच आहेत. मग एकदा वळून विचारा, मागचं दार कुठंय? आणि घरी आजी, पणजी, शेजारच्या काकू असतील तर त्यांना विचारा, तुमच्या घरी पाणी कोण भरायचं? उत्तराचं व्हॉइस नोट मला पाठवा. चांगली चार-पाच पुढच्या भागात ऐकवीन, नाव सांगायचं की नाही ते त्यांनाच विचारून.

भेटू. भांडी झाली असतील तर पालथी घाला.